पाटी नसलेली टाकी: निपाणीजवळच्या एका गॅरेजचं प्रकरण

निपाणी ते संकेश्वर या पट्ट्यात पुणे-बंगळूर महामार्गाला लागून टायर, बॉडी आणि जोडकामाची गॅरेजं ओळीनं आहेत. गळीत हंगाम लागला की उसाच्या ट्रॉल्या आणि दहा चाकी ट्रक यांच्यामुळे तिथं रात्र-दिवस एकच होतो. त्यातल्या एका गॅरेजात दसऱ्याच्या सुमारास, हंगाम अगदी तोंडावर असताना, कॉम्प्रेसरच्या टाकीला खालच्या बाजूनं सुईएवढं भोक पडलं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ते, त्यांचा मुलगा आणि दोन कारागीर, एवढाच पसारा. मी बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनच्या तपासणीचं काम करतो. पाहुण्यांमार्फत माझ्याकडे निरोप आला तो असा: "टाकीला पॅच मारायचाय, वेल्डिंगचा रॉड कुठला वापरायचा तेवढं सांगा."

रॉड कुठला, या प्रश्नापासून टाकी कुठली, या प्रश्नापर्यंत अण्णा कसे आले, ते सविस्तर लिहितो आहे. कारण हीच टाकी, हेच भोक आणि हाच निरोप खानापूरपासून चिकोडीपर्यंत कुठल्याही गॅरेजातून येऊ शकतो.

भोक काय सांगत होतं

कॉम्प्रेसर ५ हॉर्सपॉवरचा, दोन स्टेजचा. आडवी टाकी २२० लिटरची, व्यास ४५० मिलिमीटर. कोल्हापूरकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून जुन्यात आलेली. टाकीवर निळ्या रंगाचे किती थर होते देव जाणे. बनवणाऱ्याचं नाव, क्षमता आणि प्रेशर लिहिलेली पाटी नव्हती. पाटीच्या जागी रिव्हेटची चार भोकं होती आणि तीही पुट्टी (लांबी) भरून बुजवलेली. भोकावर कुणीतरी इपॉक्सी लावली होती, ती दोन दिवस टिकली. आता तिथून पाण्याचा बारीक फवारा आणि शिट्टी, दोन्ही येत होतं.

वेल्डर तिथंच उभा होता. "बारकं भोक हाय साहेब, चार टाके मारले की झालं."

टाकी रिकामी करायला लावली, ठिकठिकाणी रंग खरवडला आणि पत्र्याची जाडी मोजणारा थिकनेस मीटर लावला. प्रत्येक आकडा त्याच जागी खडूनं लिहीत गेलो, म्हणजे बघणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. वरच्या अंगाला ४.९, ४.८ मिलिमीटर. बाजूला ४.७. खाली सरकू लागलो तसे ३.६, २.९, २.४. भोकाच्या शेजारी १.९. तळाशी साधारण हातभर लांबीचा आणि चार बोटं रुंदीचा पट्टा असा होता की तिथं अर्ध्याहून जास्त पत्रा गंजानं खाल्ला होता. भोक म्हणजे त्या पट्ट्यातली पहिली जागा, जिथं पत्रा पूर्ण संपला.

हे पाहिल्यावर पॅचचा विषय माझ्यापुरता मिटला होता. पॅच कशाला वेल्ड करणार? त्याच्या कडा ज्या पत्र्यावर टेकणार तो पत्राच दोन मिलिमीटर उरला आहे. वेल्डिंगच्या उष्णतेनं तो आणखी नरम पडणार, कडेला ताण राहणार आणि भोक बंद झाल्यामुळे टाकी पुन्हा दहा किलोवर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो दाबावर, चालू लागणार. त्यात आत कॉम्प्रेसरचं तेल साचलेलं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हे बघणं, याला आपल्याकडे टेस्ट म्हणतात. त्यातून गळती नाही एवढंच कळतं. ताकद उरली आहे का, हे त्यातून कळत नाही.

अण्णांचा प्रश्न मात्र रास्त होता. "हिशेबानं फुटेल का पण?"

हिशेब असा. दहा किलो प्रेशर, ४५० व्यास आणि १.९ मिलिमीटर पत्रा धरला तर पत्र्यावरचा ताण ११५-१२० मेगापास्कलच्या घरात येतो. साधं माइल्ड स्टील २५० ला वाकू लागतं. म्हणजे कागदावर टाकी उद्याच फुटेल असं म्हणता येत नाही, आणि मी तसं म्हणालोही नाही. पण मीटर लावतो तेवढ्याच जागेची जाडी तो सांगतो, गंजाचे खड्डे शेजारी कितीही खोल असू शकतात. वेल्डची शिवण कुणी तपासलेली नाही. शिवाय टाकी आठ ते दहा किलोच्या मध्ये सतत वर-खाली होत असते. तासाला सहा वेळा, दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर वर्षाला अठरा हजार वेळा पत्रा ताणला आणि सोडला जातो. तडा अशानंच वाढत जातो, बहुधा वेल्डच्या कडेनं, आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

टाकी फाटली तर काय होतं, तेही सांगितलं. २२० लिटर हवा दहा किलोवर दाबून ठेवली की तिच्यात सुमारे तीन लाख ज्यूल ऊर्जा साठते. एक टनाची गाडी तीस मीटर उंच उचलायला लागते तेवढी. पाणी दाबलं तर जवळजवळ आकसत नाही, म्हणून टाकी फाटली तरी पाणी ओघळतं आणि प्रेशर तिथंच मरतं. हवा आकसून बसलेली असते. पत्रा फाटल्यावर ती एका क्षणात मूळ आकाराला यायला बघते आणि फाटलेला पत्रा घेऊन जाते. म्हणूनच टाकीची ताकद तपासायची ती पाणी भरून, हायड्रो टेस्टनं. हवा भरून ताकद तपासणं म्हणजे फुटलीच तर माणसासमोर फुटावी अशी सोय करणं.

समोर आलेले पर्याय

दोन दिवसांत सल्ल्यांचा पाऊस पडला. हंगाम जवळ आला की प्रत्येकाकडे एक टाकी असते.

सगळ्यात जोरात मांडला गेलेला सल्ला गॅसच्या टाक्यांचा. कमर्शियलच्या, १९ किलोच्या तीन टाक्या जोडून घ्यायच्या. युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. "ही टाकी पंचवीस किलोला टेस्ट केलेली असते. दहा किलोला काय फुटतीय?" टेस्टचा आकडा खरा आहे. पण ती टेस्ट ज्या टाकीची झाली, ती टाकी आपण जोडणी करताना मोडलेली असते. कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर या टाक्या भट्टीतून काढून त्यांच्यातला ताण उतरवलेला असतो. आपण तिला भोक पाडून नळी जोडायचं सॉकेट वेल्ड केलं की त्या जागी ती टेस्टही उरत नाही आणि उतरवलेला ताण पुन्हा चढतो. तिचा पत्रा पातळ असतो, कारण आत कोरडा गॅस राहणार हे धरून ती बनवलेली असते. आपली हवा ओली असते, आणि या टाकीला खालून पाणी काढायची सोयच नाही. राहिलेल्या गॅसचा प्रश्न आणखी वाईट. हवेत दोन ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान एलपीजी मिसळला तर ते मिश्रण पेट घेऊ शकतं. टाकी रिकामी दिसली, वास मेला, तरी तळाला आणि तेलकट थरात गॅस राहतो. कटर लावल्यावर काय झालं हे सांगायला कधीकधी माणूस उरत नाही. शिवाय सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो. तो विकणारा आणि घेणारा, दोघेही २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांच्या बाहेर जातात. अण्णांनी हा विषय तिथंच सोडला, आणि मालकीच्या मुद्द्यापेक्षा कटरच्या मुद्द्यानं सोडला हे मला बरं वाटलं.

दुसरा पर्याय ट्रकच्या ब्रेकच्या टाक्यांचा. याला मी सरसकट नाही म्हणत नाही. ती हवेचीच टाकी आहे, तिला पाणी काढायचा ड्रेन असतो आणि ती आठ किलोच्या आसपास चालायलाच बनलेली असते. नवीन घेतली आणि त्याच प्रेशरच्या आत वापरली तर छोट्या कामाला ठीक. पण अण्णांना मिळत होत्या त्या भंगारातल्या, पंधरा-वीस वर्षं रस्त्यावर चाललेल्या गाड्यांच्या, आणि त्यांना त्या दहा किलोवर चालवायच्या होत्या. शिवाय २२० लिटर जमवायला सात-आठ टाक्या जोडायच्या म्हणजे तेवढे सांधे, तेवढे ड्रेन. रोज आठ ठिकाणचं पाणी कुणी काढत नाही.

तिसरा पर्याय मात्र मोहात पाडणारा होता. एक फॅब्रिकेटर दोन दिवसांत नवी कोरी टाकी बनवून देतो म्हणाला. पाच एमएमचा पत्रा, भाव निम्मा. मी त्याच्याशी बोललो. माणूस प्रामाणिक होता आणि हातही चांगला होता. त्याच्या शेडमध्ये पाण्याच्या टाक्या आणि डिझेलच्या टाक्या नेटक्या बनत होत्या. त्याला विचारलं, पत्रा कुठल्या ग्रेडचा, सर्टिफिकेट आहे का? "पाच एमएमचा आहे की." टोकाची डिश, म्हणजे टाकीची दोन्हीकडची झाकणं, फुगीर दाबून घेणार की सपाट पत्र्याची बनवणार? सपाट, आतून पट्ट्या मारून. शिवण आतून-बाहेरून दोन्हीकडनं? बाहेरून. हायड्रो टेस्ट? हवा भरून साबणाचं पाणी.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. हवेची टाकी गोल आणि तिची टोकं फुगीर का असतात? दाब सगळीकडून सारखा ढकलतो, गोल पत्रा तो ताण अंगभर वाटून घेतो. सपाट टोक मात्र पाट वाकावा तसं वाकतं, आणि जिथं ते नळीला जोडलेलं असतं त्या कोपऱ्यातल्या वेल्डवर सगळा भार येतो. प्रत्येक वेळी प्रेशर चढलं की तो कोपरा उघडतो, उतरलं की मिटतो. पट्ट्या मारल्यानं त्या कोपऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

शिवणीचंही तसंच. आपल्या टाकीसाठी बारा किलो धरून हिशेब केला, पत्र्यावर शंभर मेगापास्कलचा ताण मान्य केला आणि दोन्हीकडून वेल्ड केलेल्या पण एक्स-रे न काढलेल्या शिवणीसाठी ०.७ हा गुणक धरला, तर ३.९ मिलिमीटर जाडी येते. त्यावर गंजासाठी एक मिलिमीटर. म्हणजे पाच. पण शिवण एकाच बाजूनं असेल आणि आत पूर्ण उतरली आहे का हे कुणी पाहिलं नसेल, तर तो ०.७ धरायला आधारच राहत नाही. "पाच एमएमचा आहे की" या उत्तरात पत्र्याची जाडी आहे, टाकीची ताकद नाही. हवेच्या टाक्यांसाठी आयएस ७९३८ आणि प्रेशरच्या भांड्यांसाठी आयएस २८२५ ही भारतीय मानकं आहेत. ती पाळून टाकी बनवणारे उद्यमबागेत, कोल्हापुरात आणि कॉम्प्रेसरचं माहेर असलेल्या कोइंबतूरमध्ये आहेत. या फॅब्रिकेटरनं ती कधी पाहिली नव्हती. यात त्याची निंदा नाही. ते त्याचं कामच नव्हतं.

कायद्याचा प्रश्न मुलानं विचारला. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ३१ प्रेशरवर चालणाऱ्या यंत्रांबद्दल होतं; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. कारखान्यांत अशा टाक्यांची ठरावीक मुदतीनं सक्षम व्यक्तीकडून (म्हणजे सरकारमान्य तपासनीसाकडून) तपासणी करून घ्यावी लागते. चार माणसांचं गॅरेज कारखाना ठरत नाही, म्हणून तिथं तपासायला कुणी येत नाही. माझं मत विचाराल तर म्हणूनच तिथं मालकानं जास्त कडक असायला हवं. सक्षम व्यक्ती फी घेऊन गॅरेजलाही टेस्ट करून देते, त्याला कुणाची मनाई नाही.

किती मोठी?

नवी, मानकाप्रमाणे बनवलेली टाकी घ्यायचं ठरलं. भाव वीस-पंचवीस हजारांच्या घरात. मग मुलगा म्हणाला, खर्च करायचाच तर ५०० लिटरची घेऊ, हवा जास्त मिळेल.

हवा कॉम्प्रेसर देतो. टाकी फक्त ती साठवते आणि गर्दीच्या वेळी उसनी देते. अण्णांचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण ५१० लिटर मोकळी, म्हणजे न दाबलेल्या मापानं मोजलेली, हवा देतो. हवेवर चालणारी मोठी गन चाकाचे नट सोडते आहे आणि शेजारी ट्रकच्या टायरला हवा भरणं चालू आहे, अशा वेळी मागणी ८५० च्या आसपास जाते. तूट मिनिटाला ३४० लिटरची. टाकी दहावरून सातवर येईपर्यंत गन नीट चालते, म्हणजे तीन किलोची घट वापरता येते. २२० लिटरची टाकी त्यात ६६० लिटर मोकळी हवा देते. जवळजवळ दोन मिनिटं. एका चाकाचे दहा नट त्याआधीच निघतात, गन थांबते, टाकी भरू लागते.

५०० लिटरची टाकी चार मिनिटांहून थोडी जास्त तग धरेल हे खरं. पण सकाळी रिकामी टाकी भरायला २२० ला सव्वाचार मिनिटं लागतात, ५०० ला दहा लागतील. आणि साठलेली ऊर्जा सव्वादोनपट होईल, तीही कारागिरांपासून पाच पावलांवर. ज्याला सतत सँडब्लास्टिंग करायचं आहे त्याला मोठी टाकीही पुरणार नाही, त्याला मोठा कॉम्प्रेसरच लागेल. अण्णांचं काम तुटक आहे. २२० वर शिक्कामोर्तब झालं.

टाकी आल्यावर

पाटीवर बनवणाऱ्याचं नाव, अनुक्रमांक, वर्ष, क्षमता, डिझाइन प्रेशर १२ किलो, हायड्रो टेस्ट १८ किलो. पाटी काय, कुणीही रिव्हेट मारून लावू शकतो. म्हणून पत्र्यावर ठोकलेला अनुक्रमांक रंग खरवडून वाचला आणि टेस्ट सर्टिफिकेटवरच्या आकड्याशी ताडून पाहिला. मीटर फिरवला, सगळीकडे पाचच्या वर. हात घालून आत बघता येईल असं झाकण होतं. ड्रेनचं सॉकेट आत किती वर आलं आहे ते त्या झाकणातून बोटानं चाचपलं, तळाशी समतल होतं.

हा शेवटचा मुद्दा मी का धरला, ते जुनी टाकी कापल्यावर अण्णांनाही दिसलं. ती कापून दोन तुकडे करायचा आग्रह माझाच होता, नाहीतर भंगारवाल्याकडून ती दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये उभी राहिली असती. आतली हवा आणि तेल काढून, पाणी भरून, वरच्या बाजूनं कापली. आत ड्रेनचं सॉकेट तळापासून बोटाच्या पेरभर वर आलेलं होतं. म्हणजे रोज ड्रेन उघडलं असतं तरी तेवढं पाणी कायम आत राहणार. गंजाचा पट्टा बरोबर त्या पाण्याच्या रेषेपर्यंत होता. त्याच्या वर तेलाचा काळा थर आणि खाली खड्डे. खपली काढून खड्ड्यात मोजलं तर एका ठिकाणी १.१ मिलिमीटर. बाहेरून मीटरनं ती जागा हुकवली होती.

नव्या टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह ११ किलोवर बसवला. तो कॉम्प्रेसरची पूर्ण हवा एकट्यानं सोडू शकतो हे त्याच्या कागदावरून पाहून घेतलं, कारण स्वस्तातले व्हॉल्व्ह शिट्टी वाजवतात पण तेवढी हवा सोडत नाहीत. टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कुठलाही कॉक नाही. प्रेशर स्विच आठला चालू, दहाला बंद. गेज १६ किलोचं, बारावर लाल रेघ. कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मध्ये लवचीक होज टाकला, म्हणजे कॉम्प्रेसरची थरथर टाकीच्या वेल्डवर जाणार नाही. पाय जमिनीवर सारखे टेकतात की नाही हे बोल्ट आवळण्याआधी पाहिलं. कारागिरानं होज टांगायला टाकीवर हूक वेल्ड करायला घेतला होता, तो भिंतीवर लावायला लावला. टाकीवर वेल्डिंग करायचं नाही. पत्र्याचा तुकडा असो वा हूक, नाही म्हणजे नाही.

जागाही बदलली. पूर्वी टाकी कोपऱ्यात, टायरच्या ढिगामागे होती. तळ बघायचा तर झोपावं लागे, म्हणून कुणी बघत नसे. आता ती मागच्या शेडखाली विटांच्या कट्ट्यावर आहे, ड्रेन गुडघ्याच्या उंचीवर.

ड्रेनबद्दल लोक मान डोलावतात आणि विसरतात, म्हणून आकडा देतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा जवळजवळ भिजलेली असते. २४ अंशांची अशी हवा घनमीटरला वीस ग्रॅमच्या आसपास पाणी बाळगते. हा कॉम्प्रेसर तासाला तीस घनमीटर हवा ओढतो. दहा किलोवर दाबल्यावर त्यातलं बहुतेक पाणी टाकीत सुटतं, म्हणजे पूर्ण चालला तर तासाला अर्धा लिटर. अण्णांच्या मुलाला पहिल्यांदा हे पटेना. पुढच्या आषाढात त्यानं ड्रेनखाली रंगाचा रिकामा डबा लावला आणि संध्याकाळी दुधट, तेलकट पाण्यानं तो भरत आलेला पाहिला. तेव्हापासून गॅरेज बंद करताना ड्रेन उघडायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं आहे. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्याला एकदा ओढायची आणि वर्षाला एकदा तळाची जाडी त्याच त्याच जागी मोजायची, हे भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलं आहे. पहिल्या वर्षीचे आकडे शेजारीच आहेत.

एक काम अजून बाकी आहे. मागच्या शेडमधल्या स्प्रेच्या कामाला गेलेली हवेची लाइन पीव्हीसी पाइपची आहे. तो पाइप पाण्याचा. हवेचं प्रेशर घेऊन तो उन्हानं कडक झाला की काचेसारखा फुटतो आणि तुकडे उडतात. हंगामात लाइन बंद ठेवता येत नाही असं अण्णांचं म्हणणं. तूर्त त्या लाइनला टाकीपाशी कॉक टाकून ती तोडली आहे, स्प्रेचं काम लांब होजवर चाललं आहे आणि जीआय पाइपची मोजमापं घेऊन झाली आहेत.